ताम्हनातली दोन पानं

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका, मी काही तेव्हा नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, गावात लक्ष्मीनारायणाचं देऊळ होतं, आणि देवळामागच्या खोलीत देवाचा स्वयंपाक करणारी एक बाई होती. तिचं नाव येसू. पण नावानं हाक मारायची कुणाची टाप नव्हती. सगळा गाव तिला येसूआत्या म्हणायचा.

त्या देवळाची एक रीत होती. नैवेद्य शिजत असताना दाराला आतून कडी घालायची. स्वयंपाक करणारीनं नाकातोंडावरून स्वच्छ धुतलेलं फडकं बांधायचं, आणि देवापुढे ताट जाईपर्यंत ते सोडायचं नाही. एक शब्द बोलायचा नाही आणि एक थेंबही चाखायचा नाही. देवाच्या आधी माणसानं चव कशी घ्यायची?

आता तुम्ही म्हणाल, चाखायचं नाही तर मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? त्याचीही सोय होती. मीठ मोजायला एक करवंटी होती. करवंटीनं मीठ घातलं, की तुळशीचं एक पान चुलीशेजारच्या ताम्हनात ठेवायचं. पान दिसलं म्हणजे मीठ पडलं. एवढी साधी गोष्ट!

येसूआत्यानं बावीस वर्षं ही रीत पाळली. पहाटे अंघोळ, ओलेत्यानं पाणी भरणं, मग फडकं बांधून चुलीपुढे बसणं. तापातल्या दोन दिवसांचा अपवाद सोडला, तर एक दिवस खाडा नाही. बायका म्हणायच्या, "आत्यांसारखं कर्म कुणाचं नाही हो. सरळ वैकुंठाला जाणार!" आत्या वरवर म्हणायची, "चला, काहीतरीच!" पण ते ऐकायला तिला आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

दोन वर्षांपूर्वी पुजारीबुवांनी आत्याच्या मदतीला एक बाई आणली होती. तिचं नाव साळू. पुरात घर गेलेलं, नवरा गेलेला, मागे फक्त अंथरुणाला खिळलेली म्हातारी सासू. देवळामागच्या पडवीत दोघींना जागा मिळाली आणि दोन वेळचं देवाघरचं जेवण. साळू भाजी चिरायची, डाळ निवडायची, पुरण वाटायची, भांडी घासायची. मिठाला हात लावायचा नाही, ते आत्याचं काम. साळूनं कधी लावलाही नाही.

मग आत्याला तो ताप आला. दोन दिवस साळूनंच सगळा नैवेद्य केला. तिसऱ्या दिवशी आत्या काठी टेकत देवळात आली, तर पंगतीतून उठणारे एक आजोबा सहज बोलून गेले, "काल-परवा वरणाला काय चव होती! वा!"

झालं! एवढंच पुरलं.

त्या दिवसापासून आत्याच्या डोक्यात साळू बसली. उठता-बसता साळू. तोंडाला फडकं, ओठ मिटलेले, हात कामात, आणि आत नुसतं भांडण. 'मोठी आली चवीची! काल आली नि आज माझ्या चुलीवर डोळा? मी बावीस वर्षं धूर खाल्ला तेव्हा कुठे होतीस गं? बघ, डाळ निवडते कशी, जसं काही मोतीच वेचतेय. आणि हे गोड-गोड वागणं! मला कळत नाही होय?' साळूकडून उत्तरंही आत्याच द्यायची, मग त्या उत्तरांवर आणखी चिडायची. नैवेद्य होईपर्यंत तिचं कपाळ ठणकायला लागायचं.

आणि बिचारी साळू? ती पलीकडे पाठमोरी बसून पुरण वाटत असायची. तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

चैत्राचा उत्सव आला. पाच गावांची माणसं जेवायला. पुरणपोळी, भात, कटाची आमटी. आमटीचा हंडा एवढा थोरला, की ढवळायला आत्याला उभं राहावं लागलं. नैवेद्य दाखवला, घंटा वाजली, पंगत बसली. पहिल्याच पंगतीत एकानं आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. मग दुसऱ्यानं. मग साऱ्या ओळीत माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आमटी खारट ढोण होती. जिभेवर ठेववत नव्हती. आणि तीच आमटी आत्ता देवापुढे ठेवून झाली होती!

आत्या धावत आत गेली. ताम्हनात बघते तर तुळशीची दोन पानं, एकावर एक.

तिनं ताम्हन उचललं आणि तशीच पंगतीत आली. फडकं मानेवर लोंबत होतं. सगळ्यांदेखत ती कडाडली, "बघा! बघा हो सगळ्यांनी! मी एक पान ठेवलं होतं. हे दुसरं कुणाचं? आत आम्ही दोघीच. दाराला कडी. माझं नाव खाली करायला हिनं देवाचा नैवेद्य नासवला!"

साळू दारात उभी होती. तिनं तोंडावरचं फडकं सोडलं. "आत्या, मी मिठाला शिवलेसुद्धा नाही. मी तुमच्याकडे पाठ करून पुरण वाटत होते."

"मग दुसरं पान काय चालत आलं?"

साळूनं पुढे होऊन ताम्हनातली पानं पाहिली.  

लोकांनी आत्याकडे पाहिलं, साळूकडे पाहिलं. एकीकडे बावीस वर्षांची सेवा, दुसरीकडे पुरातून आलेली परकी बाई. कुणी काही विचारलं नाही. पुजारीबुवांनीही मान खाली घातली. तिसऱ्या प्रहरी साळूनं एका हातगाड्यावर सासूला निजवलं, वर एक बोचकं ठेवलं, आणि गाडा ओढत ती गावाबाहेर गेली. जाताना तिनं देवळाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला. आत्या ते खिडकीतून पाहत होती. 'ढोंगी!' ती मनात म्हणाली.

तुम्हाला वाटेल, आता तरी आत्याचं डोकं शांत झालं असेल. छे, कसलं काय! समोरची गेली, पण डोक्यातली कुठे जाते? उलट आता भांडायला जास्त मोकळीक. सकाळी चूल पेटली की आत्याचं सुरू. 'कशी जिरली! आणि वर सांगते, मी शिवलेसुद्धा नाही म्हणे. देवापुढे खोटं बोलते, जीभ झडेल!' महिनाभर हेच दळण.

एक दिवस असंच वरण उकळत होतं. आत्याचे हात आपापली कामं करत होते आणि डोक्यात साळूची चांगली खरडपट्टी चालू होती. आत्यानं करवंटी भरली, मीठ ओतलं, ढवळलं, तुळशीचं पान घेतलं आणि ताम्हनाकडे हात नेला.

ताम्हनात एक पान होतं.

हिरवंगार, ओलं. नुकतंच कुणीतरी ठेवलेलं.

"साळू!" आत्या फडक्याआडून ओरडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं नैवेद्यापुढे शब्द काढला. ती गर्रकन मागे वळली. खोलीत कुणी नव्हतं. दाराला आतून कडी. पाट्यापाशी जिथे साळू बसायची, तिथे रिकामा पाट भिंतीला टेकून उभा होता.

आत्या मटकन खाली बसली. हातातलं पान तिनं पाहिलं, ताम्हनातलं पाहिलं. मग तिला हळूहळू आठवलं. अजून वरणाला पुरती उकळी फुटली नव्हती, तेव्हा तिनं एकदा करवंटी भरली होती. त्या वेळी ती डोक्यात साळूला म्हणत होती, 'माझ्या जिवावर उठलीस.' हातांनी मीठ घातलं, हातांनीच पान ठेवलं, आणि तिला पत्ता नाही. आणि उत्सवाच्या दिवशी? त्या दिवशी तर तिचं डोकं नुसतं पेटलं होतं. साळूच्या वरणाची वाहवा करणाऱ्या त्या आजोबांना सकाळीच देवळात आलेलं तिनं पाहिलं होतं.

आत्याचं तोंड शरमेनं तापलं. एकटीच होती, कुणी बघत नव्हतं, तरी तिनं पदर पुढे ओढून तोंड झाकलं.

आणि मग तिनं काय केलं माहीत आहे? सांगायला मलाच लाज वाटते. तिनं दोन्ही पानं चुलीत टाकली. वरण मागच्या चरात ओतलं आणि त्यावर राख लोटली. पुन्हा डाळ चढवली. नैवेद्याला उशीर झाला तेव्हा पुजारीबुवांनी दाराबाहेरून विचारलं, "आत्या, काय झालं?" नैवेद्य झाल्यावर तिनं सांगितलं, "वरण खाली लागलं होतं, बुवा. नवीन केलं."

"असू दे, असू दे. होतं असं," बुवा म्हणाले.

त्या दिवशी पंगतीत एक बाई हात धुता धुता म्हणाली, "आत्या, ती साळू गेली आणि बघा, घास कसा निवांत उतरतो. आता कसली भीती नाही." आजूबाजूच्या चार जणींनी माना डोलावल्या. आत्यानंही मान डोलावली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुणी "आत्या" म्हणून हाक मारली तरी ती दचकायची. पाया पडायला कुणी वाकलं की पाय मागे घ्यायची. आरशासमोर कुंकू लावताना तिनं डोळे मिटून घेतले आणि कुंकू भिवईवर गेलं.

तिसऱ्या दिवशी ती पुजारीबुवांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं बोलून गेली. पानं, मीठ, चरात ओतलेलं वरण, खोटं, सगळं. बोलताना तिची नजर जमिनीवरून वर आली नाही.

बुवांनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाले, "आत्या, चूक माझीही आहे. त्या दिवशी मी साळूला एक शब्द विचारला नाही. असं करू, मी तिला परत बोलावतो. लोकांना सांगतो, करवंटी मोजण्यात गफलत झाली. तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं? बावीस वर्षांची सेवा आहे."

वाट सोपी होती. साळूला छप्पर मिळालं असतं आणि आत्याची अब्रूही राहिली असती. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला 'हो' म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं.

"नको बुवा," ती म्हणाली. "तिला चोर ठरवलं भर पंगतीत. मग चोर कोण तेही भर पंगतीत कळू दे."

"लोक बोलतील."

"बोलू दे. बुवा, मला एक सांगा. मी बावीस वर्षं तोंड बांधलं. एक शब्द बोलले नाही, एक थेंब चाखला नाही. हाताला कधी वाईट काम शिवू दिलं नाही. मग हे माझ्या हातून कसं झालं?"

बुवा म्हणाले, "हात काय हो, हात मनामागून जातात. तोंड बांधायला फडकं आहे, मनाला बांधायला काही नाही. तुम्ही हातांकडे लक्ष ठेवलंत. आत काय शिजतंय, तिकडे बघितलंच नाहीत. तिथेही कर्म घडतच असतं, आत्या. दिवसभर घडत असतं."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पानं वाढून झाली, पण आत्यानं कुणाला हात लावू दिला नाही. ती मधोमध उभी राहिली.  "उत्सवाच्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं, ते मीच घातलं. दोन्ही पानं माझी होती. साळूचा काडीचा संबंध नाही. मी तिच्यावर मनातून इतकी जळत होते, की माझे हात काय करतायत ते मला दिसलं नाही. मी तिच्यावर आळ घेतला. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, आणि ती बाई देशोधडीला लागली."

 माणसं पानाकडे बघत बसली. लाज एकट्या आत्याची नव्हती ना! शेवटी तेच आजोबा म्हणाले, "जाऊ द्या आत्या, माणसाच्या हातून होतं."

त्यांना आत्याची कीव आली होती, आणि आत्याला ती कीव शिव्यांपेक्षा झोंबली. ती तशीच पायऱ्या उतरून चालू लागली.

साळू दोन कोसांवरच्या गावात होती, हे कुणाकुणाकडून कानावर आलेलं होतं. आत्यानं त्या गावात पहिल्या घरी विचारलं, "साळू कुठे राहते?"

"कोण साळू?" घरातली बाई म्हणाली. मग तिला आठवलं. "अच्छा, ती मीठवाली? ओढ्यापलीकडे झोपडी आहे बघा. पण स्वयंपाकाला ठेवायचं असेल तर नका ठेवू हं. देवाचा नैवेद्य नासवलाय तिनं. आम्ही दळणकांडणापुरतीच बोलावतो, चुलीपाशी नाही येऊ देत."

आत्या तिथल्या तिथे थिजली. शब्द तिचा होता. तो तिच्या आधी दोन कोस चालत येऊन इथे राहिला होता.

साळू झोपडीपुढे जात्यावर कुणाचे तरी तांदूळ दळत होती. आत्याला बघून ती उठून उभी राहिली. पदर सारखा केला. आतून सासूचा आवाज आला, "कोण गं?"

"देवळातल्या आत्या आल्यात."

"आता काय राहिलंय न्यायचं?" म्हातारी म्हणाली.

आत्या वाकली ती एकदम साळूच्या पायाशीच. साळूनं पाय झटकन मागे घेतले. "अहो आत्या, हे काय! पाप चढवता का माझ्यावर?"

"पाप माझं आहे, साळू. मीठ मीच घातलं होतं, दोन्ही वेळा. मी सगळ्यांसमोर सांगून आलेय. मला शिव्या दे. मार. पण घरी चल."

 साळू खाली बसली, आणि महिन्याभरात जी रडली नव्हती ती ओक्साबोक्शी रडली. रडता रडता म्हणाली, "आत्या, तुम्हाला एक सांगू? मला पटायला लागलं होतं. सगळे म्हणतात म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं, की खरंच मीच तर नाही ना घातलं? रोज रात्री आठवून बघत होते. पुरण वाटताना मी उठले होते का? माझा हात गेला होता का?"

आत्याला वाटलं होतं, साळूचं आपण छप्पर नेलं, ताट नेलं. ते परत देता येणार होतं. हे आणखी काहीतरी नेलं होतं, त्याचा तिनं विचारच केला नव्हता.

साळू परत आली. पडवी परत मिळाली. पुजारीबुवांनी पाचही गावांत माणूस धाडून खरं काय ते कळवलं. मीठ घालायचं काम आत्यानं स्वतःहून साळूच्या हातात दिलं आणि आपण डाळ निवडायला बसली. साळूनं तिला मनापासून माफ केलं. तोंडदेखलं नव्हे, खरंच केलं. ती तशीच होती.

पण दुसऱ्या दिवशी काय झालं ऐका. दाराला कडी, दोघींच्या तोंडाला फडकी. वरण उकळलं. साळूनं करवंटी भरली आणि ती थांबली. आत्याकडे वळून तिनं करवंटी वर धरली. बोलायचं तर नव्हतं. फडक्यावरचे दोन डोळे नुसते आत्याकडे बघत राहिले. आत्याला आधी कळेना. मग कळलं. साळू साक्ष मागत होती. बघा हं, आत्या, एकदाच घालतेय.

आत्यानं मान हलवली. तेव्हा कुठे साळूनं मीठ घातलं.

त्यानंतर रोज तसंच. आत्यानं कितीदा समजावलं, "अगं, माझा विश्वास आहे तुझ्यावर." साळू म्हणायची, "मला ठाऊक आहे, आत्या. पण माझा माझ्यावर बसत नाही. तुम्ही बघितलंत की बरं वाटतं." वर्षं गेली, आत्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला, तरी साळूची करवंटी रोज वर व्हायची आणि आत्या डाळीचं सूप बाजूला ठेवून तिच्याकडे बघायची. त्या वेळी डोक्यात दुसरं काही येऊ द्यायचं नाही, एवढं एकच व्रत तिनं मरेपर्यंत पाळलं. आणि रोज मान हलवून झाली की ती खाली बघायची, कारण साळूच्या त्या डोळ्यांकडे जास्त वेळ बघायचं बळ तिच्यात कधीच आलं नाही.

तात्पर्य काय, तर हातांनी करतो तेवढंच कर्म नसतं. मनात घोळवतो तेही कर्मच, आणि त्याचं फळ पुष्कळदा आपल्याआधी दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला जातं. म्हणून आपलं मन काय बोलतंय, ते आधी आपण ऐकावं.